हौजातल्या कोलांट्या

शाळेत ड्रिलच्या बाईंना कुणी खरी बाई समजत नाही. गणिताच्या बाई आजारी पडल्या की वर्ग सांभाळायला ड्रिलच्या बाई, झेंड्याची दोरी गुंतली की ड्रिलच्या बाई, आणि सहावीच्या वर्गात विंचू निघाला तरी ड्रिलच्या बाईच. माझी सगळी नोकरी यातच गेली. संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा विंचवांवरच लिहावं असं आधी मनात आलं. पण मागच्या आठवड्यात धाराशिवच्या बसस्टँडवर एक पांढऱ्या केसांची बाई गर्दीतून माझ्याकडे बोट करून मोठ्यानं म्हणाली, "बाई, हनुवटी खाली!" आणि पोट धरून हसली. सगळा स्टँड आमच्याकडे बघायला लागला. तेव्हा म्हटलं, विंचू राहू देत, हौजाचंच लिहू.

निजामी गेली आणि गावात मुलींसाठी मराठी शाळा निघाली, तेव्हा शाळेला जागा मिळाली ती एका जुन्या अंमलदाराच्या बंगल्याची. हा अंमलदार हौशी असावा. बंगल्याच्या मागं त्यानं दगडी हौज बांधून घेतला होता, चांगला दोन पुरुष खोल, एका बाजूला पायऱ्या, चारी बाजूंनी उंच भिंत. मी नोकरीला लागले तेव्हा त्यात बाभळीचा पाला आणि मोडकी बाकं होती. शेजारच्या विहिरीवर मोट होती. माळ्याला मी गोड बोलून बैल जुंपायला लावले आणि हौज भरून घेतला. आमच्याकडं पाण्याची काय किंमत असते ते सांगायला नको. नुसतं डुंबायला एवढं पाणी वापरते म्हणून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्यावर तापल्या. मग तोड निघाली की पाणी बदलायचं तेव्हा ते पाटानं मागच्या वाफ्यात सोडायचं. त्या वाफ्यातली वांगी इतकी धरली की मोठ्या बाईंचा राग दोन भाज्यांतच उतरला.

मुलींना पोहायला शिकवणं अवघड नाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधा, पाण्यात सोडा आणि आपण शेजारी राहा, की आठ-पंधरा दिवसांत हातपाय चालतात. अवघड असतं ते डोकं बुडवायला लावणं. आमच्या पोरी पोहायच्या, पण मान अशी उंच धरून की वेणीच्या गाठीलाही पाणी लागू नये. घरी आईला ओला केस दिसला की दुसऱ्या दिवशी नाव बंद. त्यामुळे पोहता येतं असं म्हणणाऱ्या पोरी चुकून पाण्याखाली गेल्या की घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. वर कुठं आणि खाली कुठं तेच कळायचं नाही. मला हे बघून काळजी वाटायची. आमच्या जिल्ह्यात बायका विहिरीत पडतात त्या पोहायला उतरून नव्हे. पाणी शेंदताना काठावरचा पाय सरकतो आणि त्या डोक्यावर पडतात. अशा वेळी मान उंच धरून पोहण्याचा काय उपयोग?

म्हणून मी ठरवलं की पोरींना कोलांटी शिकवायची. काठावरून उडी, हवेत अंगाची गुंडाळी, एक गिरकी आणि पाय खाली करून पाण्यात. जिला कोलांटी आली तिला पाण्यात कसंही टाका, ती बरोबर वर येते. हे झालं मोठ्या बाईंना सांगायचं कारण. खरं कारण असं की मुलांच्या शाळेतली पोरं गावाबाहेरच्या विहिरीत कोलांट्या मारतात आणि येऊन बढाया मारतात, हे पोरींना सहन होत नव्हतं. मलाही होत नव्हतं.

अडचण एकच होती. कोलांटी मला स्वतःलाच येत नव्हती.

माझं माहेर जळकोटचं. घरी कानडी, दारात मराठी. लहानपणी आमच्या विहिरीत मी मुटका मारायची, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन पडायचं. कोलांटी मारायचा तो माझा थोरला भाऊ. शिमग्याच्या सुट्टीत गेले तेव्हा ज्वारीची मळणी उरकून खळ्याच्या कडेला भुसकटाचा ढीग लागला होता. मी भावाला म्हटलं, "दादा, कोलांटी कशी मारायची ते शिकव मला."

तो म्हणाला, "कशी म्हंजे? मारायची अन् पडायचं."

"पण आधी काय करायचं? डोकं कधी घालायचं, पाय कधी सोडायचे?"

दादा विचारात पडला. विहिरीच्या काठावर उभा राहिला, हात वर केले, पुन्हा खाली घेतले. "तू विचारल्यापासून मलाच येईना झालंय बघ," म्हणाला. उडी मारली ती सपशेल पाठीवर. चापट बसल्याचा आवाज खळ्यापर्यंत आला. बाहेर आला तो लालेलाल होऊन. अव्वा, म्हणजे आमची आई, भाकरी घेऊन आली होती, तिनं मलाच झापलं, "चांगलं येत व्हतं की त्याला. कशाला शिकवलीस?"

मग मी विचारणं बंद केलं आणि नुसती बघत बसले. बऱ्याच उड्यांनंतर ध्यानात आलं की सगळं हनुवटीत आहे. हनुवटी गळ्याशी गेली की पाठ आपोआप वळते. हनुवटी सुटली की माणूस सरळ होतो आणि पाण्यावर आपटतो. पाणी मऊ असतं अशी पोहता न येणाऱ्यांची समजूत असते. त्यांनी एकदा पाठीवर पडून बघावं. दुसरं म्हणजे उडी पुढं मारायची नाही, वर मारायची. पुढं झेपावलं की गिरकीला जागाच उरत नाही. आणि तिसरं, घाई करायची नाही. पाणी पुन्हा डोळ्यांपुढं आलं की मगच पाय सोडायचे. मी पदराच्या टोकाची घडी हनुवटीखाली धरली, ती सुटू द्यायची नाही असं ठरवलं आणि भुसकटाच्या ढिगावर कोलांट्या घालत सुटले. नाकात, कानात, केसांत भुसकट. रस्त्यानं जाणारे-येणारे थांबून बघत. थोरली मास्तरीण झालेली लेक खळ्यावर लोळते म्हणून अव्वा कानडीत कपाळ बडवीत होती. चौथ्या दिवशी विहिरीत मारली आणि पाय खाली करून पडले. त्या वेळचा आनंद मला आजही सांगता येत नाही. पगाराच्या पहिल्या दिवशीही इतका झाला नव्हता.

शाळेत परत आले आणि पोरींच्या हनुवटीखाली रुमालाची घडी दिली. ही माझी पद्धत. पोरगी पाण्यात पडेपर्यंत रुमाल हनुवटीखाली राहिला तर कोलांटी पास. आधी गवताच्या गाद्यांवर, मग हौजात. हौजाच्या तळाशी इतके रुमाल जमायचे की माळी पाणी बदलताना ते वाळत घालायचा आणि वर विचारायचा, "बाई, पोहायला शिकवताव का परीटकी?"

गिऱ्हाइकं तरी कसली एकेक! एक पोरगी डोळे मिटल्याशिवाय उडीच मारायची नाही. एक जण हवेत असताना किंचाळायची आणि ते किंचाळणं पाण्याखाली गेलं तरी चालूच असायचं. तिघी-चौघींना घरून परवानगी नव्हती. त्या काठावर बसून नुसत्या बघायच्या आणि बाकीच्यांना चुका सांगायच्या. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं, अजून वाटतं. आणि एक होती कमल. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरची, शिक्षणासाठी मावशीकडे राहिलेली, हाडकुळी पण पायांत स्प्रिंग असल्यासारखी. ती काठावर उभी राहून आधी "आई राजा उदो उदो!" असा गजर करायची आणि मगच उडायची. बाकीच्या पोरींनी ते उचललं. दर बुधवारी पाण्याच्या तासाला शाळेत इतका उदोउदो व्हायचा की एकदा मोठ्या बाई वर्ग सोडून आल्या. त्यांना वाटलं, कुणाच्या अंगात आलं.

आता हे भिंतीबाहेर ऐकू न जाता कसं राहील? शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आप्पा, सरकीचे मोठे व्यापारी. त्यांनी मला आणि मोठ्या बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, पव्हणं ठीक हाय," ते म्हणाले. "जीव वाचतो. पण ह्ये उलटंपालटं व्हायचं कशापायी? आपल्याला काय सर्कस काढायचीय?"

मी म्हटलं, "आप्पा, विहिरीत पडणारी बाई सरळ पडत नाही."

आप्पा मागे हटले नाहीत. माणूस वाईट नव्हता, लोकांच्या बोलण्याला भ्यायचा. त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, पोरींचा पोशाख घोट्यापर्यंत पाहिजे आणि घोट्यापाशी नाडीनं घट्ट बांधलेला पाहिजे, पाण्यात वर सरकता कामा नये. दुसरी, कमिटीतल्या पुरुषांनी हौजावर जाणं बरं दिसत नाही, तेव्हा त्यांच्या घरातून कुणीतरी बाईमाणूस येऊन बघेल. तिनं चांगलं सांगितलं तर तास चालू. नाहीतर हौजावर फरश्या टाकायच्या आणि वर सामानाची खोली बांधायची.

पोशाख शिवला इस्माईलचाचांनी. त्यांचं दुकान शाळेच्या कोपऱ्यावरच. मांजरपाटाच्या सुरवारी, घोट्याला नाडी, वर पोलकं. नमुन्यादाखल पहिली माझी शिवली. पोरींच्या आधी मी घालून बघायचं ठरवलं, आणि देवाची कृपा की तसं ठरवलं. काठावर उभी राहिले, नाड्या करकचून बांधल्या, उदो उदो झालं, उडी मारली. नव्या कपड्यात गुडघे नीट आवळले गेले नाहीत. गिरकी अर्धीच झाली आणि मी डोक्यावर पाण्यात गेले. पुढं जे झालं ते आधी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सुरवारीत हवा कोंडली होती. ओला मांजरपाट हवा सोडत नाही. ती सगळी हवा वर, म्हणजे घोट्यांकडे गेली आणि नाडीपाशी अडली. माझे दोन्ही पाय पाण्याबाहेर, फुगलेले, आणि मी खाली डोकं करून लटकलेली. हात मारते, वळते, पण पाय काही खाली येईनात. पाण्यातून मला पोरींच्या हसण्याचा आवाज ऐकू येत होता. त्यांना वाटलं, बाई नवा प्रकार दाखवतायत.

कमलला तेवढं कळलं. ती आली, माझ्या एका पायाला लोंबकळली आणि दातांनी नाडी सोडली. हवा भस्सकन निघाली, मी वर आले. खोकत, शिंकत पायरीवर बसले. पोरी पायरीभोवती गोळा झाल्या. मग कमल म्हणाली, "बाई, हनुवटी सुटली व्हती तुमची." मला हसावं की तिला चापट द्यावी तेच सुचेना. शेवटी हसलेच, पण त्या रात्री झोप आली नाही. माझ्या जागी एखादी नवशिकी पोरगी असती तर? आणि ते सुद्धा काय, तर घोटा दिसू नये म्हणून!

दुसऱ्या दिवशी ती सुरवार घेऊन इस्माईलचाचांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, सुरवार उलटी धरून फुंकून पाहिली आणि डोकं हलवलं. "हवा अंदर गई तो बाहर आने कू रस्ता नक्को क्या, बाई?" मग त्यांनी नाडीच्या वरच्या अंगाला आणि मांडीपाशी बटनाच्या काजांसारखी बारीक काजं केली. नाडी बांधलेली ती बांधलेली. आप्पांची अट शब्दाला शब्द पाळली गेली आणि हवेलाही वाट मिळाली. पोरी पाण्यात शिरल्या की काजांतून बुडबुड्यांची रांग लागायची. त्याचीसुद्धा त्यांना मजा वाटायची.

राहिली दुसरी अट. बाईमाणसांनी हौजावर यायचं तरी कोणत्या निमित्तानं? हे मोठ्या बाईंनी सोडवलं. त्यांनी हौजाच्या काठावर चैत्रातलं हळदीकुंकू ठरवलं. पायऱ्यांच्या वर गौर मांडली, फुलांची आरास केली, कैरीचं पन्हं आणि वाटली डाळ. हळदीकुंकवाला कोण नाही म्हणणार? ज्या आयांनी पोरींना पाण्याची परवानगी दिली नव्हती त्यासुद्धा नटून आल्या. भिंतीच्या आत सगळ्या बायकाच बायका. बाहेर दाराशी माळी काठी घेऊन बसला होता.

आप्पांच्या घरून काकू आल्या, त्यांच्या पत्नी. पन्नाशीच्या, भारी इरकल नेसलेल्या, डोक्यावरून पदर, तोंड मिटलेलं. त्यांना पुढं पाट दिला. पन्हं दिलं तर एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. हळद लावली, मान हलवली. मी काहीबाही बोलून पाहिलं, पण त्यांची नजर पाण्यावरून हलेना. एवढी वर्षं खपून उभं केलेलं सगळं त्या मिटलेल्या तोंडावर अवलंबून होतं. काकूंना पाण्याकडे नुसतं बघूनच राग येतोय असं मला वाटलं.

कमलनं सुरुवात केली. उदो उदो! वर गेली, गुंडाळली, फिरली, पाय सोडले, आणि रुमाल हनुवटीत धरूनच वर आली. बायकांनी "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावले. मग एकीमागून एक. सगळं छान चाललं होतं आणि डोळे मिटून उडणाऱ्या पोरीनं घात केला. पाय लवकर सोडले आणि ती सपशेल पाठीवर आपटली. आवाज असा आला की बायका उठून उभ्या राहिल्या. तिची आई ओरडली. मी उडी मारणार तेवढ्यात ती वर आली, लाल झालेली, खो खो हसत, "आणिक एकदा मारू का बाई?" म्हणत. मी काकूंकडे पाहिलं. त्या उठल्या होत्या. झालं, मी म्हटलं, निघाल्या.

काकूंनी पाटल्या काढल्या, बोरमाळ काढली आणि शेजारच्या बाईच्या ओटीत दिली. पदर कमरेला खोचला, कासोटा आवळला. मोठ्या बाई "अहो काकू, अहो" करताहेत तोवर त्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या आणि इरकलीसकट हौजात मुटका मारला. पाण्याचा असा फवारा उडाला की गौरीपुढचा दिवा विझला.

वर आल्या त्या ऐटीत हात मारत. तोंडावरचं पाणी निपटलं आणि म्हणाल्या, "बेंबळीची हाय म्या. मळ्यातल्या हिरीत समदं लहानपण गेलं. लगीन झाल्यापासनं पाण्यात पाय न्हाय घातला." मग मला हाक मारली, "ओ बाई, तिथं काय उभ्या ऱ्हायलाव? त्ये गरकन कसं फिरायचं त्येवढं सांगा की!"

मी त्यांच्या हनुवटीखाली रुमालाची घडी दिली. पहिल्या खेपेला कुशीवर पडल्या. दुसऱ्या खेपेला लुगडं सुटायला आलं, ते पोरींनी पाण्यातच गोल करून नेसवलं. तिसऱ्या खेपेला मी आणि कमलनं दोन्ही बाजूंनी सांगितलं, काकू, वर उडा, पुढं नको. साऱ्या बायकांनी उदो उदो केलं आणि काकू फिरल्या. पुरत्या नाही फिरल्या, पण फिरल्या. रुमाल सुटला नव्हता. परवानगी न देणाऱ्या आयांपैकी एकीनं माझी बाही ओढली आणि हळूच विचारलं, "माझ्या पोरीसाठी किती कापड लागंल हो सुरवारीला?"

पुढं बरीच वर्षं तो हौज चालला. मग दुष्काळ आले, विहीर आटली, हौज कोरडा पडला आणि कुणीतरी त्यात मुरूम भरला. आता तिथं संमेलनाचा रंगमंच आहे. मला त्याचं इतकं वाईट वाटत नाही, जितकं याचं वाटतं की मी फक्त गावातल्या पोरी शिकवल्या. विहिरीच्या काठावर रोज उभ्या राहणाऱ्या होत्या त्या खेड्यांतल्या. तिथवर मी पोचले नाही.

पण त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवे लागायच्या वेळी आप्पांनी मला आणि मोठ्या बाईंना घरी बोलावलं. ओसरीवर कमिटीचे दोघे-तिघे बसलेले. आम्ही खाली मान घालून उभ्या. आतल्या दारात काकू आल्या, अंगावर कोरडं लुगडं, पण डोक्याला पंचा गुंडाळलेला आणि पंच्याखालून ठिबकणारे केस. आप्पांचं त्याकडं लक्ष नव्हतं. ते घसा साफ करून, अध्यक्षाच्या आवाजात म्हणाले, "हां, सांग आता समद्यांपुढं. पोरींचं अंगबिंग नीट झाकल्यालं व्हतं का? रीतीला धरून व्हतं का समदं? तू डोळ्यानं काय बघितलंस?"

"मला काय दिसतंय?" काकू म्हणाल्या. "म्या तर पाण्यात व्हते. बुधवारी परत जायचंय, तवा बघून सांगते."